जेवण झाल्यावर ‘जीपे नाही’ म्हणू नका

मे महिन्यात मालवण-तारकर्ली पट्ट्यात हा वाद ठरलेला. सुरमई थाळी संपली, वर दोन वाट्या सोलकढी झाली, हात धुतले, आणि मग गल्ल्यावरून आवाज येतो, “जीपे चलना नाय हां, रोख द्या.”

ऑनलाइन पैसे नाकारायचा हक्क खानावळवाल्याला आहेच. डिजिटल सोय ठेवायची सक्ती आहे ती वर्षाला ५० कोटींवर उलाढाल असलेल्यांना. आपली घरगुती खानावळ त्यात कुठून बसणार! पण हे सांगायचं ऑर्डर घेण्याआधी. पाटी दारात हवी आणि मेनूकार्डावरही. गल्ल्यामागे, हार घातलेल्या फोटोखाली लावलेली पाटी गिऱ्हाइकाला दिसते ती बिल आल्यावर.

‘फक्त यूपीआय’वाल्यांचंही तेच. बुकिंग घेतानाच तसं ठरवलंत तर ठीक. जेवण वाढून झालं की मात्र ती उधारी झाली, आणि ती फेडायला समोर धरलेली चांगली नोट नाकारायला जागा उरत नाही.

दहाच्या नाण्याला “इकडे चालत नाही” म्हणणं तर निव्वळ आडमुठेपणा. तेव्हा १४ नमुन्यांची नाणी होती, ती सगळी वैध, हे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी १००० रुपयांपर्यंत कायदेशीर चलन, अधेली, म्हणजे ५० पैशांचं नाणं, १० रुपयांपर्यंत. त्यापुढची चिल्लर खुशाल परत करा. मासळीबाजारातली ओली नोट चालते. नंबराचा तुकडाच उडालेली, सेलोटेपवाली नोट घेऊ नका, ती गिऱ्हाइकाने बँकेत बदलावी.

एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा जास्त रोख मात्र घेऊच नये. रिसॉर्टवर लग्नं घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, दंड घेतलेल्या रकमेइतकाच असतो आणि तो घेणाऱ्याला बसतो.

आणि स्क्रीनशॉट? बिनधास्त नाकारा, तो बनवता येतो. स्वतःच्या ॲपमध्ये जमा दिसली तरच पैसे आले. साउंडबॉक्स बोलला नाही म्हणून मात्र लगेच भांडू नका, त्यालाही रेंज लागते, आणि लाइट गेली की टॉवर कधी झोपेल सांगता येत नाही. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे कापले गेले आणि तुमच्याकडे आलेच नाहीत, तर दुकानाच्या क्यूआरवरचे पाच दिवसांत आपोआप परत जातात, वैयक्तिक खात्यावर पाठवलेले दुसऱ्या दिवशी. उशीर झाला तर बँकेने रोज १०० रुपये भरपाई द्यायची. तेव्हा व्यवहाराचा १२ आकडी नंबर आणि माणसाचा मोबाइल वहीत उतरवून घ्या. तीनशेच्या थाळीसाठी पोराबाळांसकट कुणाला दारात ताटकळत ठेवू नका.