परफ्यूम आवडला नाही हे मान्य, नकली आहे हे अमान्य

नमस्कार ताई,

आमच्या दुकानाला ऑनलाइन रिव्ह्यूत तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला. ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या आमच्या दुकानातून तुम्ही बायकांचा एक महागडा परदेशी परफ्यूम घेतलात आणि मे महिन्यात मावसबहिणीच्या साखरपुड्याला लावलात. तुमचं म्हणणं असं: वास इतका गोड की जिलेबीच्या कढईपाशी उभं राहिल्यासारखं वाटलं, डोकं चढलं, दोन तासांत उडून गेला, खोक्यावर चंदन लिहिलंय पण चंदन कुठेच नाही, बाटलीतला रंग दुकानातल्या टेस्टरपेक्षा फिका, म्हणजे माल नकली. वर आम्ही बाटली परत घेतली नाही. परफ्यूमचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, मीही लिहीत नाही.

आवडला नाही, यावर मी वाद घालणार नाही. नाक तुमचं, पैसे तुमचे. पण नकली हा आवडीनिवडीचा विषय नाही. ते तपासता येतं, आणि चारचौघांत तसं लिहिलं गेलं की उत्तर द्यावंच लागतं.

आधी रंग. तुमची नजर बारीक आहे, फक्त निष्कर्ष उलटा निघाला. या परफ्यूममध्ये व्हॅनिला भरपूर आहे. व्हॅनिलाला वास देणारं व्हॅनिलिन उजेडाने आणि हवेने गडद होत जातं. टेस्टर काउंटरवर दिव्याखाली उभा असतो, दिवसभर कुणी ना कुणी तो दाबत असतं. तुमची बाटली बंद खोक्यातून निघाली, ती फिकी असायलाच हवी. नवीकोरी बाटली टेस्टरइतकी तपकिरी निघाली असती तर मीच ती बाजूला काढली असती. पाणी मिसळल्याचा संशय असेल तर घरच्या घरी बघा. काचेच्या वाटीत पाच-सहा फवारे मारा आणि वर थोडं पाणी घाला. सुगंधी तेलं अल्कोहोलात विरघळलेली असतात. पाणी पडलं की ती सुटी होतात आणि सगळं दुधाळ दिसायला लागतं. भरपूर पाणी मारलेला माल बाटलीतच गढूळ दिसला असता. तुमचा स्वच्छ आहे, फोटो तुम्हीच टाकलाय. बाटलीच्या आणि खोक्याच्या तळाशी बॅच नंबर असतो, तो जुळवून बघा. खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपीचं स्टिकरही आहे.

आता चंदन. तुम्ही लिहिलंय, ‘घरात रोज सहाणेवर चंदन उगाळते, मला चंदन शिकवू नका.’ शिकवत नाही. पण सहाणेवरचं चंदन म्हणजे ओलं खोड, गार पाणी, दगड. नाकाजवळ नेलं की तेवढंच. बाटलीतलं चंदन तळाशी असतं. वर मिरी आणि संत्र्याची साल, मग जाई आणि प्रालीन (साखरेत परतलेल्या बदामाच्या मिठाईचा वास), त्याखाली व्हॅनिला आणि टोंका नावाची सुगंधी बी, आणि हे सगळं उतरल्यावर लाकूड. मनगटावर तिथपर्यंत पोचायला तास-दीड तास लागतो. बरं, ते लाकूडही बहुतेक वेळा प्रयोगशाळेतलं असतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. टिपूने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवलं, आणि त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ म्हैसूरकडे स्वतःच्या शेतात उगवलेलं चंदनही मालकाचं नसायचं. कर्नाटकाने हा कायदा बदलला २००१ मध्ये. तोवर तोडी आणि चोऱ्या इतक्या झाल्या की १९९८ पासून आपलं चंदन धोक्यातल्या झाडांच्या जागतिक यादीत आहे. गेरलां या फ्रेंच कंपनीने १९८९ मध्ये ‘सामसारा’ हा परफ्यूम काढला तेव्हा त्यात म्हैसुरी चंदन सढळ हाताने वापरलं होतं. आज तसं करणं फार थोड्यांना परवडेल. म्हणून कंपन्या जावानॉलसारखी, चंदनासारखा वास देणारी रसायनं वापरतात. काहींना त्यात साय घातल्यासारखा मऊपणा लागतो. सहाणेची सवय असलेल्या नाकाला ते कोरडं, परकं वाटू शकतं. तुमची तक्रार या अर्थाने खरी आहे, पण ती साऱ्या धंद्याबद्दलची आहे, तुमच्या बाटलीबद्दलची नाही.

गोडीचंही तसंच. बायकांच्या परफ्यूममध्ये मिठाईचा वास खुलेआम आला तो १९९२ मध्ये, थिएरी म्यूग्लर या फ्रेंच फॅशन डिझायनरच्या ‘एंजल’ परफ्यूमपासून. ऑलिव्हिए क्रेस्प या सुगंधकाराने त्यात एथिल माल्टॉल भरपूर टाकलं, म्हणजे जत्रेतल्या ‘बुढ्ढी के बाल’चा वास, आणि गोडाचा उग्रपणा दाबायला पॅचुली. पॅचुली हे पान. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपला जायच्या तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांत ही पानं घालत. त्यामुळे कुणाला ती मातकट, उंची वाटते, कुणाला बंद ट्रंकेची आठवण होते. त्या काळीही लोकांचे दोन तट पडले होते, आजही पडतात. तुम्ही घेतलेला परफ्यूम याच घराण्यातला, थोडा सौम्य.

आमच्याच काउंटरवर बघा. कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई हा फक्त दिवाळी ते संक्रांत लावतात आणि उन्हाळ्यात बाटली कपाटाच्या खालच्या कप्प्यात टाकतात. एक मायलेकी आल्या होत्या. लेकीने मनगट हुंगून ‘मस्त!’ म्हटलं, आई म्हणाली, ‘अगं, अगरबत्तीवाल्याच्या घरात लग्न झाल्यासारखं वाटेल.’ घेतला, आणि पैसे आईनेच दिले. बँकेतल्या एक वहिनी एकच फवारा मारतात, तोही साडी नेसायच्या आधी पोटरीवर, म्हणजे नाकाशी दिवसभर भांडण नको. रेशमावर मात्र कुणीच मारू नका. या जातीच्या परफ्यूमचे पिवळट डाग पडतात आणि ड्रायक्लीनवाला हात वर करतो. सराफ्यातल्या एका काकूंना नवऱ्याने वाढदिवसाला दिला. त्यांनी एकदा लावला आणि सुनेला देऊन टाकला. सून त्यावर तिसरी बाटली घेऊन गेली. एकाच घरात हे होतं, तर साऱ्या इंदूरचं एकमत कसं होणार? ‘सबको पसंद आता है’ असं आमच्या दुकानात काम करणारी मुलगी म्हणाली असं तुम्ही लिहिलंय. ते काउंटरवरचं बोलणं, ताई. कुठल्याही दुकानात कानावर पडलं तर हसून सोडून द्यायचं.

दोन तासांत उडाला, हे तुमचं आणखी एक गाऱ्हाणं. पण तुमच्याच मजकुरात पुढे आहे की रात्री परतताना जाऊबाईंनी गाडीची काच खाली केली. काच कशासाठी खाली केली? परफ्यूम होताच, तुमच्या नाकाने त्याची दखल घेणं बंद केलं होतं. सतत एकच वास आला की नाक तो गाळून टाकतं. स्वतःच्या घराचा वास कुणाला येत नाही तो याचमुळे. शिवाय तळाशी असलेले काही कस्तुरीसारखे जड घटक बऱ्याच लोकांना मुळी जाणवतच नाहीत. एखादा रंग न दिसावा तसं ते आहे, त्यात कुणाचा दोष नाही. आपल्याला येत नाही म्हणून माणूस आणखी दोन फवारे मारतो, आणि शिक्षा शेजारच्याला होते.

आणि तो मे महिना होता, बेचाळीसच्या पुढचा पारा, हॉलमध्ये गर्दी. तापलेल्या त्वचेवरून गोड भाग भसकन वर येतो, लाकडाला बोलायची संधीच मिळत नाही. फोटोत तुमच्या केसांत मोगऱ्याचा भरघोस गजराही दिसतोय. सुरेख दिसतोय, पण मोगरा आणि व्हॅनिला एका डोक्यावर म्हणजे डोकं चढणारच. हाच परफ्यूम डिसेंबरच्या सकाळी, पारा दहा-अकरावर असताना एक फवारा लावून बघा. आवडेलच असं म्हणत नाही, निराळा मात्र नक्की लागेल. तुम्हाला वासाने खरोखर अर्धशिशी उठत असेल तर हेही करू नका, सरळ कुणाला तरी देऊन टाका.

परत घेण्याबद्दल. फवारा मारलेली बाटली मी दुसऱ्याला विकू शकत नाही, आणि तुम्हालाही दुसऱ्याची उघडलेली बाटली चालली नसती. हे बिलावर छापलंय, काउंटरच्या मागच्या पाटीवरही आहे. म्हणूनच महागड्या बाटलीसोबत आम्ही नमुन्याची एक छोटी वायल, म्हणजे कुपी, वेगळी देतो: ती घरी लावून बघा, एक अख्खा दिवस काढा, नाही जमलं तर खोका न उघडता आणा, हसत बदलून देऊ. तुमच्या पिशवीतही ती होती. कागदाच्या पट्टीवर हुंगून दहा मिनिटांत ठरवलेल्या परफ्यूमबद्दल मी स्वतःसाठीसुद्धा हमी घेत नाही. पट्टीला ना घाम येतो ना ताप.

यावर माझं म्हणणं एवढंच. बाटली, खोका आणि बिल घेऊन या. तुमच्यासमोर त्याच बॅचची दुसरी बाटली उघडते, दोन्ही मनगटांवर एकेक फवारा मारू, दोन तास बसू, चहा माझ्याकडून. तरीही शंका उरली तर बाटली माझ्या खर्चाने आयातदाराकडे तपासायला पाठवते. नकली निघाली तर पूर्ण पैसे परत, आणि ते मी इथेच लिहीन. अस्सल निघाली तर तारा एकच ठेवा, हवं तर ‘भयंकर गोड’ असंही लिहा, फक्त ‘नकली’ तेवढं काढा.

दुपारी बारा ते चार गर्दी कमी असते. रविवारी दुकान बंद. येताना दुसरं काही लावून येऊ नका, आणि जाऊबाईंनाही आणा. त्यांचं नाक तुमच्या-माझ्यापेक्षा तयार दिसतंय.

— दुकानाची मालकीण