धुवारीत आधी मागचा दिवा बघा

धुवारी, म्हणजे धुकं, पडली की तुरीचा फुलोरा गळतो, म्हणून आपल्याकडं सगळे तिच्या नावानं बोटं मोडतात. त्याच धुवारीत पहाटे कार काढताना मात्र मागं लाल दिवा लागलाय का, हे कोणी उतरून बघत नाही. माझं स्पष्ट मत आहे, अप्पर-डिप्परवर जेवढं बोललं जातं त्याच्या निम्मं तरी मागच्या दिव्यावर बोललं पाहिजे.

अप्परचं थोडक्यात सांगतो. तो उजेड हवेतल्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरा पडदा होतो. डिप्पर खाली पडतो, डावीकडं जरा लांब जातो, म्हणून रस्त्याची कड तरी दिसते. फॉगलॅम्प असेल तर डिप्परसोबत लावा. पिवळा घ्यावा की पांढरा, या वादात दम नाही. धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की ते दोन्ही रंग सारखेच उधळतात. दिवा किती खाली बसवलाय आणि झोत किती चपटा आहे, त्यावर सगळं.

आता मागचं. नव्या गाड्यांत पुढचा पांढरा पट्टा दिवसाही आपोआप पेटतो, डॅशबोर्डही उजळतो. चालकाला वाटतं, दिवे लागले. बऱ्याच गाड्यांत त्या पट्ट्यासोबत मागचे दिवे लागतच नाहीत. 'ऑटो'वरही विसंबू नका. सेन्सर उजेड मोजतो, धुकं नाही, आणि सकाळी आठची धुवारी त्याला लख्ख दिवस वाटते. दिव्याचा खटका हातानं डिप्परवर आणा.

जुन्या गाडीत मागं बहुधा २१/५ वॅटचा दोन तारांचा बल्ब असतो. ५ वॅटची तार तुटली तरी २१ वॅटची ब्रेकला लागतेच, त्यामुळं बिघाड महिनोन्महिने कळत नाही. अंधारात गाडी भिंतीकडं पाठ करून लावा, ब्रेक न दाबता दिवे लावा. भिंतीवर दोन्ही बाजूला लाल उजेड दिसला पाहिजे. पांदण रस्त्यानं आलात तर काळ्या मातीचा थर ओल्या फडक्यानं पुसा.

मागचा फॉगलॅम्प असेल तर दाट धुक्यातच लावा. तो ब्रेकच्या दिव्याइतकाच प्रखर असतो, धुकं विरळ झाल्यावर चालू राहिला तर ब्रेक मारलेला मागच्याला कळत नाही. चारही इंडिकेटर लावून चालणं तर बंदच करा. मग वळताना काय दाखवणार? शिवाय मागच्याला वाटतं, गाडी उभी आहे.

५० मीटरच्या आत दिसत असेल त्याला हवामान खातं अति दाट धुकं म्हणतं. ६० च्या वेगात पाय ब्रेकवर जाईस्तोवरच २५ मीटर संपतात. उरलेल्या २५ मीटरमध्ये, तेही ओल्या डांबरावर, गाडी थांबेल याचा भरवसा नाही. ३० वर या. समोर एकच दिवा दिसला की मोटारसायकल समजू नका, एक हेडलाइट गेलेला ट्रॅक्टर असू शकतो.

जिनिंगला जाणाऱ्या ट्रॉलीवाल्यांनो, बाहेर लोंबणारा कापूस मागचे दिवे झाकतो. ताडपत्री बांधताना तेवढा भाग मोकळा ठेवा. बैलबंडीला आणि ट्रॉलीला मागून लाल रेडियमची पट्टी खालच्या फळीवर चिकटवा, वर नको. मागच्या कारचा डिप्पर खालीच पडतो.