बेंजो, बॅन्जो आणि आजीची ओवी

आषाढीच्या कार्यक्रमात माझ्या पुतणीने एकनाथांचं भारूड गिटार आणि ड्रम्सच्या साथीने म्हटलं. साताऱ्यातल्या कॉलेजचा हॉल, पाच मिनिटांचा व्हिडिओ. त्याखाली थोरल्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, घरच्या ग्रुपवर लिहिलं, "हे लोकसंगीत नव्हे, विटंबना आहे. इंग्रज आपलं संगीत असं नासवू देतील का? तिथे राहणाऱ्यालाच विचारा." तिथे राहणारा म्हणजे मी. इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये एकोणीस वर्षं झाली.

विचारलंच आहे तर सांगतो. 'बेबेल' नावाचा अल्बम आहे, मम्फर्ड अँड सन्स या लंडनच्या फोक-रॉक बँडचा दुसरा. सप्टेंबर २०१२मध्ये आला. ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात दीड लाखाच्या वर खपला आणि अमेरिकेत सहा लाख. दोन्हीकडे पहिला क्रमांक, आणि २०१३मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी. त्या हिवाळ्यात मी एम फोर महामार्गावरून स्लाव ते रेडिंग रोज तोच ऐकत यायचो. हळू सुरू होणारं गाणं, मग बॅन्जो हे तारवाद्य सुटतं, पायाखालचा ड्रम ठोके धरतो आणि चौघं एकदम वरच्या पट्टीत गातात. गजराची लय चढते तेव्हा दिंडीत जसं होतं, तसं छातीत होतं.

आणि इथे त्यांना काय ऐकावं लागलं? दादाचीच वाक्यं. खाजगी शाळांत शिकलेली पोरं वेस्टकोट घालून शेतकऱ्यांचं सोंग आणतात, यात लोकसंगीत कुठलं, असं काही समीक्षकांनी लिहिलं. म्हणजे 'तिकडे बघा कसं जपतात' म्हणून बोट दाखवायचं, तर त्या 'तिकडे'ही हेच भांडण चालू आहे. याच बँडने २०१०मध्ये दिल्लीत राजस्थानी लोककलाकारांबरोबर रेकॉर्डिंग केलं होतं, तेव्हा कोणाचीच माती बाटली नाही.

शुद्धता शोधायला निघालं की दर वेळी हात रिकामे येतात. इंग्रजी लोकगीतं गोळा करणाऱ्या सेसिल शार्पने १९०३मध्ये सॉमरसेटमध्ये एका माळ्याच्या तोंडून ऐकलेलं गाणं टिपून घेतलं, आणि अशी गाणी छापताना सोबत पियानोची साथ लिहिली. बॅन्जो इंग्रजांचा नव्हेच. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन माणसांनी तो अमेरिकेच्या बाजूला घडवला. आपल्या वरातीतला बेंजो निराळा, तो ताइशोगोतो या जपानी तारवाद्याचा वंशज. आणि पेटी? ऑल इंडिया रेडिओने १९४०पासून तीन दशकं तिला बंदी घातली होती, परकी म्हणून, श्रुती दाखवत नाही म्हणून. आज पेटीशिवाय कीर्तन उभं करून दाखवावं दादाने.

इथल्या लोकांचं मला एक आवडतं. नावं ठेवतात, पण पोराच्या हातातलं वाद्य काढून घेत नाहीत. आमच्या पबमध्ये गुरुवारी सत्तरीचा फिडलवाला आणि सोळा वर्षांची इलेक्ट्रिक गिटारवाली एकाच टेबलाशी बसतात. आपल्याकडे पोरीने तोंड उघडलं की घराण्याची अब्रू मध्ये येते. हे लिहिताना मला राग येतोय आणि तो मी लपवणार नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, आकड्यांसकट. दादाने एवढंच विचारलं, "आजीची एक तरी ओवी येते का तुला?"

आजी पहाटे जात्यावर बसायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचो, पिठाचा गरम वास नाकात जायचा. 'पहिली माझी ओवी' एवढं आठवतं. पुढे नुसता सूर आहे, शब्द नाहीत. 'बेबेल' मात्र अख्खा पाठ आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात मी आमच्या भागातली गावं शोधली, एकेक बाई ऐकली. आजीचा आवाज त्यात नाही. आमच्या घरी कोणी गेलंच नव्हतं, आणि ज्याच्याकडे टेपरेकॉर्डर होता तो मी, त्यावर हिंदी गाणी भरत होतो.

पुतणी चुकली असं मला आजही वाटत नाही. पण तिला भारूड शिकवलं कोणी, हे मी विचारलंच नव्हतं. दादाने. लहानपणी, दर एकादशीला, ओसरीवर बसवून.

रविवारी मी त्याला फोन केला. इथे दुपार होती, तिकडे दिवेलागण झालेली. वाद काढला नाही. ओवी विचारली. तो जरा थांबला, खाकरला, आणि आजीच्याच संथ चालीत म्हणू लागला. त्याला सात येत होत्या. तिसरीला माझं नाव होतं.

मी म्हटलं, थांब दादा, रेकॉर्ड करतो, पहिल्यापासून म्हण.