काल, काळ आणि वेळ

आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आमच्या अंबाजोगाईत. अशा गावात जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरला एक 'ळ' शिकवणं काय जड, या गुर्मीत मी ऑनलाइन शिकवणी धरली. विद्यार्थी एकच. कानपूरकडचे बँकेतले साहेब, बदली कळंबला. बिचाऱ्यांना बदलीच्या गावाचंच नाव घेता येईना. कळंबचं 'कलंब', तुळजापूरचं 'तुलजापूर', परळीची 'परली'. बदली करणाऱ्यानं जरा विचार करायचा. लातूर होतं की!

'ळ'ला जिभेचा शेंडा मागं वळवून टाळूला एक चापटी मारायची, बस्स. पण ही मारामारी तोंडाच्या आत चालते आणि कॅमेरा बाहेर असतो. म्हणून मी मोबाइल पार ओठांशी नेला, नातवानं आत टॉर्च मारली, मी जोर लावून 'बाळ' म्हणालो आणि माझी कवळी सुटली.

साहेब घाबरून म्हणाले, "सर, ये भी करना है?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, कॅमेऱ्याला जीभ काय दाखवायलात? पोराटोरांच्या देखत!"

मग 'च' आला. आकड्यातला 'चार' वेगळा, बैलाचा 'चारा' वेगळा. 'जग' म्हणजे दुनिया, पण 'सुखानं जग' म्हटलं की 'ज' बदलला. लिहायला अक्षर तेच. चमचा एक असेतोवर शेवटचा 'च' एक, चमचे दोन झाले की दुसरा. साहेबांनी पेन सरसावलं. "सर, ये कहाँ लिखा है?"

"कुठंच नाही. हे आईकडून येतं."

"लेकिन मेरी माताजी तो कानपूर में हैं."

त्यात रेंज गेली की साध्या फोनवर यायचं. जुन्या पद्धतीच्या फोनवर ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज जात नाही म्हणे, आणि 'चमचा'तली बरीचशी फुसफुस असते नेमकी त्याच्या वर. माझा चमचा कळंबला पोचेस्तोवर 'तमता' झालेला असायचा. साहेब तोही इमानानं घोकायचे.

'ळ'च्या सरावाला मी म्हण दिली होती: काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. पहिला महिना साहेब म्हणत, "काल आला होता, पन वेल आली नव्हती." कुणाच्या तरी मांडवाची तक्रार वाटावी तसं. दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी अचानक जीभ वळली. खणखणीत 'ळ'! मी पेढे आणवले, स्वतःच खाल्ले.

पण नवीन चप्पल माणूस घरातही घालून फिरतो, तसं झालं. साहेब दिसेल त्या 'ल'चा 'ळ' करू लागले.

नोव्हेंबर उजाडला, बँकेत हयातीच्या दाखल्याची झुंबड. दुपारी साहेबांचा फोन. आवाज पडलेला. एका म्हाताऱ्या आजींसाठी त्यांनी आदल्या दिवशी शिपाई घरी पाठवला होता, आजी भेटल्या नव्हत्या. आज त्या खिडकीशी आल्यावर साहेबांनी शुद्ध मराठीत सांगितलं, "आजी, काळ आला होता तुमच्या घरी. तुम्ही नव्हत्या."

आजी म्हणे मटकन खालीच बसल्या. "म्या शेतात गेलते बाबा. आता परत कवा येनार हाय त्यो?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी सांगितलं, काळजी नको, उद्या अकराला पाठवतो. सर, उच्चार चुकला का माझा?"

उच्चार बिनचूक होता.