प्रत्येक खड्याला ऑपरेशन नको, पण काढलेल्या थैलीची तपासणी हवीच

नमस्कार ताई,

सासूबाईंच्या पित्ताच्या थैलीत वीस वर्षं खडे आहेत, त्रास काहीच नाही. मग 'खडे आणि कॅन्सर' लिहून ग्वाल्हेरकरांना का घाबरवता, असं तुम्ही विचारलंत.

खडे असलेल्या बहुतेकांना कॅन्सर कधीच होत नाही, आणि त्रास नसेल तर सरसकट ऑपरेशन करू नये, हे मान्यच. पण पित्ताशयाचा कॅन्सर झालेल्या दहांपैकी किमान सात जणांकडे खडे सापडतात. शिवाय गंगेच्या पट्ट्यात हा कॅन्सर दक्षिणेपेक्षा बराच जास्त, त्यातही बायकांमध्ये. आपण त्या पट्ट्याच्या शेजारीच राहतो. पुण्याच्या मावशीचं 'खडे काय, सगळ्यांनाच असतात' इथे पुरत नाही.

खडा आतल्या अस्तराला घासत राहतो, पित्त साचतं, जंतू वाढतात. अस्तर सुजतं, भरून येतं, पुन्हा सुजतं. या दुरुस्तीत पेशींचं रूप बदलत जातं, आणि त्याला दहा-पंधरा वर्षंही लागतात. म्हणून 'वीस वर्षं काही झालं नाही' यावर निर्धास्त राहू नका.

सासूबाईंचा सोनोग्राफीचा रिपोर्ट काढा. खडा 3 सें.मी.पेक्षा मोठा, 10 मि.मी.पेक्षा मोठा पॉलिप (अस्तरावर उगवलेला कोंब), भिंतीत कॅल्शियम किंवा भिंत 3 मि.मी.पेक्षा जाड, यांतलं काही असेल तर सर्जनना दाखवा. जाडी एकाच जागी, ओबडधोबड असेल तर दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी सीटी स्कॅन हवाच. कारण तिथे कॅन्सर असला आणि ऑपरेशनमध्ये थैली फाटून पित्त सांडलं तर कॅन्सरच्या पेशी पोटभर पसरू शकतात. सोनोग्राफी मात्र उपाशीपोटीच करा, जेवणानंतर थैली आकसते आणि भिंत उगाच जाड दिसते.

तुमच्या नणंदेची काढलेली थैली बरणीत घालून घरी दिली, 'बायोप्सीचा खर्च वाचला', हे वाचून मात्र खरंच काळजी वाटली. खडे खुशाल घरी ठेवा. थैली त्याच दिवशी लॅबमध्ये जायला हवी, तीही तिच्या आकारमानाच्या दहापट, 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रवात. नुसत्या सलाइनमध्ये ठेवली तर अस्तर काही तासांतच कुजायला लागतं, आणि पाहायचं असतं ते नेमकं तेच. कॅन्सर अस्तरापुरताच असेल तर थैली काढणं पुरतं. स्नायूच्या थरात शिरला असेल तर यकृताचा लगतचा भाग आणि आसपासच्या लसिकाग्रंथी काढायला दुसरं ऑपरेशन लागतं, तेही लवकर. यकृताकडच्या बाजूला थैलीवर बाहेरचं आवरणच नसतं, त्यामुळे रोगाला अडवायला तिथे फारसं काही उरत नाही.

बरणीत कोणता द्रव आहे, ते त्या डॉक्टरांना आजच विचारा. फॉर्मॅलिन असेल तर काही महिन्यांनंतरही तपासणी होऊ शकते.