पळतीची मिनिटं कुणी छापायची?

मागं एका निमंत्रित खो-खो स्पर्धेत आमच्या धाराशिवच्या मंडळाच्या मुली उपांत्य सामना हरल्या. एका गुणानं. शेवटच्या डावात आमच्या एका पोरीनं तीन मिनिटं दहा सेकंद पळती केली, म्हणजे तेवढा वेळ बाद न होता पळत राहिली. नऊ मिनिटांचा डाव, त्यातला तिसरा हिस्सा एकटीनं खाऊन टाकला! समोरचीनं खुंटावरून सूर मारला तेव्हा कुठं सापडली, ती पण टाचेला बोट लागून. आमच्या बाजूची म्हातारी माणसंसुद्धा उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर चार ओळी. मथळा, 'धाराशिवचा धुव्वा'.

एका गुणाचा धुव्वा कसा असतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

हरल्याचं सोडा, हरायची सवय आहे. आमची पळणाऱ्यांची पहिली तुकडी त्या दिवशी आली तशी गेली, आक्रमणात खो देताना नको तिथं फाउल झाले. लिहा ना हे. झोडपा पोट भरून. पण लिहिणाऱ्यानं सामना बघितलाय, एवढं तरी वाचताना कळू द्या.

बातमीदाराला शिव्या घालत नाही, तो ओळखीचाच आहे. त्याच दिवशी त्याच्या डोक्यावर रास्ता रोको होता, बाजार समितीची बैठक होती, एक अपघात होता. मैदानावर आला, फोटो काढला, गुणफलक मोबाइलवर टिपला आणि गाडीला किक मारली. मथळा वर डेस्कवर कुणीतरी टाकला. बहुतेक 'धाराशिव' आणि 'धुव्वा' दोन्ही 'ध'वरून येतात म्हणून.

आपल्या मराठवाड्यातल्या बातमीचा प्रवासच उलटा आहे. जिंकलो की बातमी जिल्ह्याच्या पानावर. म्हणजे आमचं कौतुक आम्हीच वाचायचं, ज्यांना ते आधीच चहाच्या टपरीवर कळलेलं असतं. नाक कापलं जाईल असं काही झालं की तीच बातमी सगळ्या आवृत्त्यांत, पहिल्या पानावर, टीव्हीवर दिवसभर. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाची फायनल झाली. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. संघात धाराशिवची अश्विनी शिंदे. त्याच दिवसांत टीव्हीवर केज तालुका सकाळ-संध्याकाळ चालू होता, मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनासाठी. ते दाखवायलाच पाहिजे होतं, त्यात दुमत नाही. पण त्या चोवीस तासांत कप उचलणारी केजची पोरगी किती मिनिटं दिसली? आणि दिसली तेव्हा 'पुण्याची प्रियांका' होती. (ती पुण्यात वाढली, तिथंच खेळली, पुणेकरांचा हक्क मान्य. पण भानगड झाली की कुणी 'मूळचा बीडचा' म्हणायचं विसरत नाही, एवढंच.)

कौतुक करतात ते तर अजून टोचतं.

आमच्या धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१६ च्या गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण घेतलं होतं. पुरस्काराच्या वेळी जिकडंतिकडं एकच गोष्ट आली, एक वेळ जेवून खेळली. खरंय, तिनंच सांगितलंय, आणि ऐकून पोटात कालवतं. पण ती पळताना हूल कशी देते, कोणत्या खुंटाकडं गडी ओढून नेते, यावर कुणी दोन ओळी लिहिल्या असतील तर मला दाखवा. सचिन तेंडुलकरच्या फ्लिकवर पानंच्या पानं लिहिणारी माणसं आमच्याकडं आली की एकदम दुष्काळतज्ज्ञ होतात.

आता बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे घ्या. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीत, रौप्य. ८ मिनिटं ११.२० सेकंद. पहिल्या आलेल्या केनियाच्या धावपटूच्या मागं फक्त ०.०५ सेकंद! १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच घेऊन जात होता, त्या रांगेत आष्टीचा माणूस घुसला. मग २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला तो या शर्यतीच्या फायनलमध्ये पोचलेला पहिला भारतीय पुरुष ठरला, अकरावा आला. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे व्हिडिओ फिरले त्यात एकच शब्द होता, 'निराशा'. महिन्याभरापूर्वीच त्यानं ८:०९.९१ ची वेळ नोंदवून स्वतःचा राष्ट्रीय विक्रम मोडला होता, ते कुणाला आठवलं नाही.

बीडच्या सचिन धसचं तर नवलच. २०२४ चा अंडर-१९ विश्वचषक, सेमीफायनल, समोर दक्षिण आफ्रिका. २४५ करायच्या होत्या आणि आपले ४ बाद ३२. तिथून सचिननं ९६ मारले, उदय सहारनसोबत १७१ ची भागी. मी त्या रात्री मोबाइल चार्जिंगला लावून भिंतीला टेकून उभा होतो, वायर आखूड. फायनल हरलो, आणि आमच्याच चौकातला एकजण म्हणाला, "शेवटी बीडचंच नशीब." त्याला कुठल्या चॅनलनं शिकवलं नव्हतं. म्हणजे शिकवलंच होतं, वर्षानुवर्षं.

हे बोललं की मित्र म्हणतात, "तू लई भावनिक होतोस गड्या, नागपूर-कोल्हापूरवाले पण हेच रडतात." रडत असतील. पण त्यांच्या खेळाला निदान खेळ म्हणतात. आमच्याकडं प्रत्येक पदकाच्या मागं ऊसतोड, कोरडी विहीर आणि पत्र्याचं घर यायलाच लागतं, नाहीतर बातमी पूर्ण होत नाही. पोरगी चांगल्या घरातली निघाली तर पंचाईत!

त्या धुव्व्यानंतर मी एक उद्योग सुरू केलाय. सामन्याला वही घेऊन बसतो. कोण किती मिनिटं पळाली, कुणी किती गडी मारले, सगळं लिहून रात्री बातमीदाराला पाठवतो. पहिल्यांदा त्यानं नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला. दुसऱ्यांदा म्हणाला, "भाऊ, एवढी जागा नसते." तिसऱ्या खेपेला आमची साधी साखळी लढत होती, ती पण हरलेली, आणि छापून आलं, नाव आणि पुढं कंसात पळतीची २.४० मिनिटं. पोरीनं कात्रण काढून ठेवलंय. आडनाव तेवढं चुकलं होतं.