अढीतले आंबे आणि साडेदहाचं भूत

रात्री अकरा वाजता परसातल्या संडासाच्या दाराबाहेर बॅटरी घेऊन उभा राहिलेला आणि मोठ्यानं रेल्वे स्टेशनांची नावं म्हणणारा बँकेचा हेड कॅशियर तुम्ही पाहिला नसेल. २०१९ च्या उन्हाळ्यात मी रोज तेच करत होतो. ‘मिरज, जयसिंगपूर, निमशिरगाव-तमदलगे, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, गूळ मार्केट, कोल्हापूर.’ आईचं कोल्हापूर यायच्या आत कधीच आटपत नसे. मग परतीची गाडी सोडावी लागे.

बोलत राहणं सक्तीचं होतं. मी गप्प झालो की आतून हाक येई, “आहेस का रे?” आणि ‘आहे’ म्हटलं तरी आईचं समाधान होत नसे, कारण मालिकेतही जे ‘आहे’ म्हणतात ते नसतातच.

आमचा वाडा सांगलीच्या गावभागात. वाटण्या होऊन आमच्या वाट्याला सोपा, माजघर, वरचा माळा आणि परसू एवढंच आलं. पणजोबांच्या काळी संडास घरापासून जितका लांब तितकं घर खानदानी, असा हिशोब असावा. त्या हिशोबानं आम्ही जहागीरदारच. आड ओलांडायचा, तुळशीला वळसा घालायचा, मग चिकूचं झाड, मग संडास. आत एक बांधून घेता आलं असतं, पण त्याला चुलतभावाची सही लागते. त्यापेक्षा भूत परवडलं.

तर, साडेदहाची मालिका. ‘रात्रीस खेळ चाले’. पहिलं पर्व २०१६ च्या फेब्रुवारीत झी मराठीवर सुरू झालं, तेव्हा अण्णा नाईक सुरुवातीलाच गेले आणि मग कोकणातल्या त्या वाड्यात जे काही व्हायचं ते होत राहिलं. आईनं ते सगळं इमानेइतबारे पाहिलं. २०१९ च्या जानेवारीत दुसरं पर्व आलं आणि अण्णा धोतर सावरत झोपाळ्यावर हजर. गोष्ट मागच्या काळात गेली आहे, हे आम्ही आईला परोपरीनं सांगितलं. तिला ते मान्य नव्हतं. “मी माझ्या डोळ्यांनी त्याला गेलेला बघितलाय. सुतक तेवढं पाळायचं राहिलं. आता हा बसलाय तो कोण?”

खरी अडचण इथेच आहे. नुसती भुताची मालिका असेल तर रामरक्षा म्हणून झोपता येतं. नुसती खुनाची असेल तर दाराला कडी आणि अडसर घालून झोपता येतं. पण आधी खून, मग त्या खुनाचं भूत, मग त्या भुताचा तपास, अशी मिसळ असेल तर माणसानं करायचं काय? आमच्या घरी दोन्ही करायचे. कडी मी घालायची आणि रामरक्षा आईनं म्हणायची. मग तिला आठवायचं की संडासला जायचं राहिलंच, की कडी परत काढा.

बरं, आई काही कच्च्या गुरूची चेली नाही. दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ लागायचं तेव्हापासून ती गुन्हेगार ओळखते. पुढे १९९५ ला ‘आहट’ आलं आणि १९९८ ला ‘सीआयडी’. या दोन्हींच्या मागे माणूस एकच, बी. पी. सिंग. एका हातानं भूत सोडायचं आणि दुसऱ्या हातानं पोलीस पाठवायचे, असा त्यांचा कारभार होता, आणि आईनं दोन्ही हातांचं खाल्लेलं. त्यामुळे तिला भीती वाटते ती तपशीलवार. तुमच्या-माझ्यासारखं ‘कसला तरी आवाज आला’ असं ती म्हणत नाही. “माळ्यावर, दक्षिणेकडच्या तुळईपाशी, डाव्या पायानं लंगडत कोणीतरी चाललं,” असं म्हणते.

आणि आवाज यायचेच. उन्हाळ्यात दिवसभर सांगली भट्टीसारखी तापते. सागवानी तुळया फुगतात आणि रात्री गार होताना ‘कट्ट’ करून अंग आखडून घेतात. हे शास्त्र मी घरात अनेकदा समजावून सांगितलं. ते दिवसा सगळ्यांना पटायचं. रात्री अकरानंतर मलाही पटायचं नाही.

एकूण सांगलीकरांना पैसे टाकून, वेळ काढून, सहकुटुंब घाबरायची जुनी सवय असावी. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथेच ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. त्या काळच्या नाटकांत राक्षस आला की राळ भडकायची आणि ‘अलल्‌डुर्र’ अशी आरोळी उठायची. आता राळेच्या जागी निळा दिवा आला आणि आरोळीच्या जागी कुत्र्याचं रडणं. एक मात्र कळत नाही. या मालिकांतली माणसं आवाज आला की कंदील घेऊन निघतात. खुनी सापडत नाही याचं नवल नाही, पण कुणाला दिव्याचं बटणही सापडू नये?

एप्रिलच्या शेवटी रत्नागिरीहून मामेभावानं हापूसच्या दोन पेट्या पाठवल्या, चार-चार डझनांच्या. शहाण्णव आंबे. मी मोजून घेतले, धंदाच तो. माळ्यावर पिंजर पसरून अढी घातली. मला आणि आईला दोघांनाही साखर आहे. सकाळच्या गोळ्याही आम्ही एकाच स्ट्रिपमधून घेतो. डॉक्टरांनी ‘एखादी फोड चालेल’ म्हटलं होतं, आणि बायकोनं त्यातला ‘एखादी’ हा शब्द फार मनावर घेतला.

चौथ्या दिवशी अढीत चार आंबे कमी भरले. पाचव्या दिवशी सात. आणि त्याच रात्री, मालिका संपून मी आईला कोल्हापूरला नेऊन आणलं, तेव्हा माजघरात आंबेमोहोर शिजल्याचा वास आला.

साधासुधा नाही. वाफ दाटलेला, झाकण काढल्या क्षणीचा. रात्रीचे सव्वाअकरा, गॅस बंद, चूल १९८० सालीच बुजवलेली. वास माळ्यावरून येत होता. आम्ही चौघं, मी, आई, बायको आणि धाकटी, जिन्याच्या तळाशी वर बघत उभे. आई हळू आवाजात म्हणाली, “वन्सं.”

वन्सं म्हणजे माझी आत्या. आयुष्यभर आंबेमोहोराशिवाय घास न उचललेली आणि शेवटची दोन वर्षं डॉक्टरांनी भात तोडलेली. तिच्या पिंडाला कावळा शिवेना म्हणून आम्ही घाटावर दोन तास उभे होतो. कोणी म्हणालं बांगड्यांचं बोला, कोणी म्हणालं घराच्या वाटणीचं बोला. शेवटी वडील म्हणाले, ‘भात घालू’, आणि कावळा उतरला. त्यामुळे आत्या येणार तर भातासाठीच येणार, यावर घरात दुमत नव्हतं. आंबे कशाला नेईल, एवढाच प्रश्न होता. “भातावर काही गोड नको?” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावर दहीभाताचं पान ठेवलं. सकाळी पान असं स्वच्छ की घासायलाही नको. आई रडली. बायको मात्र रडली नाही. तिचा आत्यावर विश्वास होता, पण माझ्यावर नव्हता. तिनं मला सोप्यावर बसवलं, टेबल-लॅम्प माझ्या तोंडाकडे वळवला (हे दृश्य कुठल्या मालिकेतलं ते मी ओळखलं) आणि विचारलं, “काल रात्री बारा ते दोन कुठे होतात?”

“तुझ्या शेजारी.”

“त्याला साक्षीदार?”

मी तिच्याकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, “मी झोपले होते.” धाकटी हे सगळं वहीत लिहून घेत होती. तिनं माझा शर्ट हुंगला. गुन्हेगाराच्या बाजूनं सांगायचं तर तोपर्यंत मी फक्त दोन आंबे खाल्ले होते, तेही बँकेत जाताना, आणि कोयी आयर्विन पुलावरून कृष्णेत टाकल्या होत्या. पुलावरून प्रेतंही टाकतात असं मालिकांत असतं. मी तर फक्त कोयी टाकल्या, पण टाकताना आधी मागे वळून पाहिलं, हे खरं.

मग बायकोनं माळ्यावर रांगोळी पसरली. तेराव्याच्या आत पिठावर टोपलं झाकून गेलेल्याची पावलं बघतात, त्यावरून तिला हे सुचलं. आत्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण तपासात मुदतीचा कायदा नसतो. त्या रात्री कोणी झोपलं नाही. दीडच्या सुमाराला वर हलक्या पावलांनी कोणीतरी चाललं, पिंजर खसखसली, आणि वास आला. मी बॅटरी घेऊन उठलो, जिन्यापर्यंत गेलो, आणि आईला संडासला जायचंय का ते विचारायला परत आलो.

सकाळी रांगोळीत पावलं होती. लहान, नुकतं चालू लागलेल्या बाळाची असावीत तशी, पाच बोटांची. दारातून अढीकडे, अढीतून दहीभाताच्या पानाकडे आणि तिथून थेट भिंतीवर. धाकटी किंचाळली. आईनं हात जोडले. “पाय लहानच होते हो वन्संचे. चार नंबरची चप्पल.”

आता माझाच धीर सुटला. पोलिसांना काय सांगणार? मांत्रिकाला बोलवावं तर मी ऑफिसात अंधश्रद्धेवर भाषण केलेलं. शेवटी गल्लीतल्या एकानं सर्पमित्राचा नंबर दिला. साप नाही म्हणून मी सांगितलं, तर तो म्हणाला, “नसूं द्या. लोकं मला घुबडापास्नं माकडापत्तुर सगळ्याला बोलावत्यात.”

विशीतला पोरगा, मोटरसायकलवर आला. रांगोळीशी उकिडवा बसला आणि हसला. “काका, हितं भूत-बित काय न्हाई. मांजराच्या पायाची चारच बोटं उमटत्यात. ही पाच हायत बगा. उदमांजर हाय. रातच्याला येतंय, फळं खातंय, उजाडायच्या आत कौलात जाऊन झोपतंय.” कौलाच्या फटीतून त्यानं बॅटरी मारली. आत दोन डोळे लुकलुकले. बाजूला सहा कोयी, चाटूनपुसून साफ.

“आणि भाताचा वास?” आईनं उलटतपासणी घेतली.

“त्याचाच की. त्याच्या अंगाला येतोय तसला वास.” नंतर मोबाइलवर बघितलं तर बंगालीत त्या प्राण्याला ‘गंधगोकुल’ म्हणतात, आणि तिकडेही लोकांना त्याचा वास पुलावाच्या तांदळासारखा वाटतो. म्हणजे बंगाल्यांच्या आत्याही तेच खात असाव्यात.

“पकडून न्या,” बायको म्हणाली. पोरगा म्हणाला, तसं करता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, त्याला मारणं-धरणं गुन्हा. अढी खाली आणा, फट रात्री ते बाहेर गेल्यावर बुजवा, आणि मुख्य म्हणजे दहीभात बंद करा. हे शेवटचं आईला लागलं. ती म्हणाली, “खाल्लं तर खाल्लं. कुणाच्या तरी पोटात गेलं ना.” जाताना पोरानं पैसे घेतले नाहीत, आईनं त्याच्या हातावर भडंगाचा पुडा ठेवला. दारात तो थांबला. “आज्जी, ती रातची मालिका बगताय काय? आमची आय पण बगतीया. संडासला मलाच जावं लागतंय संगं.”

प्रकरण मिटलं. घरातली तीन माणसं समाधानानं जेवली. मला घास गिळवेना, कारण हिशोब जुळत नव्हता. त्या दिवशी सकाळी अढीत एकूण अकरा आंबे कमी होते. सहा उदमांजराचे. दोन, समजा, बँकेच्या खर्चात. राहिले तीन. कॅश तीन रुपयांनी कमी भरली तरी मी घरी जात नाही.

दुपारी सगळे झोपले असताना मी अढी खाली आणायचं निमित्त करून माळा पिंजून काढला. काही नाही. माजघरात आलो. भिंतीतलं बळद उघडलं, ज्यात माझ्या जन्मापासून धान्य नाही. तळाशी वर्तमानपत्राची पुरचुंडी. आत तीन कोयी, वाळलेल्या. उदमांजर कोयी कागदात गुंडाळत नाही, एवढं मला सर्पमित्राशिवायही कळत होतं. कागद उलगडला तर वर शब्दकोडं, पूर्ण सोडवलेलं. आमच्या घरात शब्दकोडं एकच माणूस सोडवतं, आणि तेही शाईच्या पेनानं.

मी पुरचुंडी होती तशी ठेवून दिली.

रात्री साडेदहाला गाणं वाजलं. अण्णा झोपाळ्यावर बसले, शेवंता आली, कुत्रं रडलं. अकरा वाजता आई उठली. “चल रे.” मी बॅटरी घेतली. आड, तुळस, चिकू. दार लागलं. मी सुरू केलं, “मिरज, जयसिंगपूर...” आणि थांबलो. चांदणं छान पडलं होतं. कॅशियरचा जात्या स्वभाव उफाळून आला.

“आई, अढीतल्या त्या तीन आंब्यांचं...”

आत शांतता. कुठेतरी पिंगळा बोलला. मग दाराआडून आईचा आवाज आला, अगदी निवांत. “पुलावरून दोन कोयी टाकताना तुला शेजारच्या वहिनींनी पाहिलं. मी बोलले का कुणाला?”

मी बॅटरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“निमशिरगाव-तमदलगे,” मी म्हणालो. “हातकणंगले.”